तुकड्यांची जमीन : टेराझो, मोझॅक फरशी आणि फ्लेक लेप यांचा श्रमेतिहास

प्रस्तावना

वास्तूच्या इतिहासलेखनात भिंत, कमान, घुमट, छत, दरवाजे आणि त्यांवरील अलंकरण यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे जमिनीला मिळालेले नाही. मनुष्याचा सर्वाधिक स्पर्श ज्या पृष्ठभागाला होतो, तो पृष्ठभाग अभ्यासकांच्या दृष्टीआड राहतो. जमीन झिजते, उखडली जाते, तिच्यावर दुसरी जमीन चढते. त्यामुळे तिचा पुरावा टिकत नाही, हे त्याचे एक कारण आहे. जमीन तयार करणाऱ्यांची नावे क्वचितच कोरली गेली, हे दुसरे कारण.

अमेरिकेतील स्वतंत्र घरांना जोडून मोटारीसाठी जी खोली असते, तिच्या काँक्रीटच्या जमिनीवर रंगीत तुकड्यांचा लेप देण्याची पद्धत आज रूढ आहे. काँक्रीटवर एपॉक्सी किंवा तत्सम रेझिनचा थर पसरायचा, तो ओला असतानाच त्यावर प्लॅस्टिकसदृश रंगद्रव्याचे पातळ तुकडे पेरायचे आणि वरून पारदर्शक थर द्यायचा, असे या कामाचे ढोबळ स्वरूप आहे. या तुकड्यांना ‘फ्लेक’ म्हणतात. तयार जमीन दुरून ग्रॅनाइटसारखी किंवा मोझॅकसारखी दिसते. महाराष्ट्रातील शहरांत विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे बांधल्या गेलेल्या असंख्य घरांत जी ठिपक्याठिपक्यांची मोझॅक फरशी आढळते, तिचे आणि या लेपाचे दृश्य साम्य सहज लक्षात येते. हे साम्य केवळ दिसण्यापुरते आहे, की त्यामागे तंत्राचा आणि श्रमाचा काही समान इतिहास आहे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. बांधून ठेवणाऱ्या द्रव्यात तुकडे बसवून जमीन करण्याच्या तंत्राचा व्हेनिसपासून अमेरिकेतील गॅरेजपर्यंतचा प्रवास पाहणे.
२. महाराष्ट्रात मोझॅक फरशी रुजण्यामागील सामाजिक व औद्योगिक कारणे तपासणे.
३. प्रत्येक टप्प्यावर पाया सिद्ध करण्याचे आणि पृष्ठभाग घासण्याचे श्रम कोणाकडे होते, याचा शोध घेणे.

पायाचे शास्त्र : व्हिट्रुव्हियस ते व्हेनिस

रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात घराच्या अंतर्भागाच्या सजावटीचा विचार मांडला आहे. सजावटीच्या या विवेचनाचा आरंभ त्याने भित्तिचित्रांपासून न करता जमिनीच्या पायापासून केला, ही बाब लक्षणीय आहे. त्याने सांगितलेल्या रचनेत सर्वांत खाली मुठीएवढ्या दगडांचा थर येतो. त्यावर तीन भाग दगडाचा चुरा व एक भाग चुना यांचे मिश्रण टाकून माणसांच्या टोळ्यांनी लाकडी दांडक्यांनी ते सतत चोपायचे असते. त्यावर तीन भाग विटांची पूड व एक भाग चुना यांचा थर दिला जातो. इतके झाल्यावरच वरचे दगडी तुकडे बसवायचे आणि घासून समतल करायचे. डोळ्यांना दिसणारा थर सर्वांत शेवटी आणि सर्वांत पातळ, तर श्रमाचा मोठा वाटा त्याच्या खाली गाडलेला, ही या रचनेची घडण पुढील दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही.

या परंपरेचा सर्वांत प्रगल्भ विस्तार व्हेनिसमध्ये झाला. ते शहर खाजणातील चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभे आहे. इमारती कालांतराने किंचित खचतात, सरकतात. जड दगडी लाद्यांची जमीन अशा ठिकाणी तडकते. चुना, विटांची पूड आणि संगमरवराचे तुकडे यांची चोपून केलेली जमीन मात्र हा हलका ताण काही प्रमाणात सोसते आणि तडा गेल्यास तेवढीच जागा दुरुस्त करता येते. हीच टेराझो पद्धत होय. फ्रांचेस्को सान्सोव्हिनो याच्या १५८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हेनिसवरील ग्रंथात अशा जमिनींचे वर्णन आले असून त्यांना जवसाच्या तेलाने चकाकी आणली जात असल्याचा उल्लेख आहे. त्यानंतर पाच वर्षांनी, म्हणजे १५८६ मध्ये, या कारागिरांचा स्वतंत्र व्यवसायसंघ व्हेनिसमध्ये स्थापन झाला.

संगमरवराच्या मोठ्या कामांतून उरलेल्या कपच्या कारागिरांनी आपल्या घरांच्या गच्चीवर वापरल्या आणि त्यातून टेराझो जन्मले, अशी एक परंपरागत कथा सांगितली जाते. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिच्यातील अर्थ महत्त्वाचा आहे. टाकाऊ तुकड्याला मोल येते ते त्याला धरून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे आणि त्यावर खर्च झालेल्या श्रमामुळे. व्हेनिसमधील कारागीर लांब दांड्याला बसवलेला जड दगड पुढेमागे ओढून जमीन घासत असत. या व्यवसायातील बहुसंख्य माणसे उत्तरेकडील फ्रिउली प्रदेशातून येत. आपल्या डोंगराळ गावांत पुरेसा रोजगार नसल्यामुळे ती व्हेनिसला आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातील इतर शहरांत व अमेरिकेत गेली. टेराझोचा जागतिक प्रसार अशा रीतीने स्थलांतरित मजुरांच्या पायांनी झाला. फ्रिउलीतील स्पिलिम्बेर्गो येथे मोझॅक कारागिरांसाठी १९२२ मध्ये विद्यालय स्थापन झाले. हे वर्ष पुढील विवेचनात पुन्हा येणार आहे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : सारवण, कोबा आणि शहाबादी

सिमेंटपूर्व काळात महाराष्ट्रातील सर्वसामान्य घराची जमीन मातीची असे. मुरूम व माती पसरायची, पाणी मारायचे, धुमसाने ठोकायचे, मग चोपण्याने चोपून सपाट करायचे आणि शेणाने सारवायचे, असा हा क्रम होता. ही जमीन एकदा करून संपत नसे. ती दर काही दिवसांनी, सणावारी आणि शुभकार्याच्या वेळी पुन्हा सारवावी लागे. तिची निगा हा जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांच्या श्रमाचा भाग होता. पोतेरे हातात घेऊन गुडघ्यांवर बसून केलेल्या या कामाला घरातील काम म्हणून मोल नव्हते. म्हणून त्याची नोंदही नाही. मातीची जमीन स्वस्त होती असे म्हटले जाते, तेव्हा या नित्याच्या श्रमाची किंमत शून्य धरलेली असते.

वाडे, देवळे आणि संपन्न घरे यांत दगडी फरसबंदी किंवा चुन्याचा कोबा असे. घाणीत मळलेला चुना, विटांची सुरखी आणि खडी यांचे मिश्रण पसरून ते चोपणे व नंतर घोटणे, ही कोब्याची रीत व्हिट्रुव्हियसने वर्णिलेल्या रीतीशी विलक्षण जुळते. त्यावरून एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. चुना हे द्रव्य ज्याच्या हाती आले, त्याला चोपण्याचे व घोटण्याचे श्रम टाळता आले नाहीत, एवढेच त्यातून सिद्ध होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या चित्रात तीन घटकांनी बदल घडवला. पहिला घटक रेल्वेचा. मुंबईहून सोलापूरमार्गे रायचूरकडे जाणारा लोहमार्ग १८७१ मध्ये पूर्ण झाला आणि तत्कालीन निजामाच्या राज्यातील शहाबाद परिसरातील थरांनी सुटणारा चुनखडीचा दगड देशावरील शहरांपर्यंत पोहोचणे सुलभ झाले. ‘शहाबादी’ हे गावाचे नाव पुढे फरशीचे सामान्यनाम होऊन बसले. दुसरा घटक आयात फरशीचा. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथील मिंटन कंपनीच्या नक्षीदार फरश्या मुंबईतील कुलाब्याचे अफगाण चर्च आणि १८७२ मध्ये खुले झालेले, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय यांत बसवल्या गेल्या. या फरश्यांनी जमीन हा प्रतिष्ठेचा विषय बनवला. परंतु ती प्रतिष्ठा परकीय आणि महाग होती.

तिसरा घटक रोगाचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली व १८९७ मध्ये तिने पुणे ग्रासले. साथनियंत्रणाच्या मोहिमेत घरांची झडती, सामान जाळणे, भिंतींना चुना मारणे यांबरोबरच मातीच्या जमिनी उकरण्याचे प्रकारही घडले. त्यातून निर्माण झालेला क्षोभ महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात सुपरिचित आहे. जमिनीच्या इतिहासाच्या दृष्टीने या प्रसंगाचा अर्थ निराळा आहे. शेणाने सारवलेली जी भुई घरात पवित्र मानली जात होती, तीच शासनाच्या दृष्टीने संशयास्पद ठरली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या काळापासून धुता येणारी, सांधे नसलेली, उंदरांना पोखरता न येणारी जमीन हा नागरी आरोग्याचा निकष होत गेला. मोझॅक फरशीच्या स्वीकारासाठी मानसिक भूमी अशा प्रकारे आधीच तयार झाली होती.

सिमेंट, स्वदेशी आणि मोझॅक

जोसेफ आस्पडिन याने १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये पोर्टलँड सिमेंटचे एकस्व घेतले. भारतात मात्र हे द्रव्य दीर्घकाळ जहाजाने येत राहिले. १९०४ मध्ये मद्रास येथे सिमेंटनिर्मितीचा एक प्रयत्न झाला; परंतु स्थिर उत्पादनास १९१४ मध्ये पोरबंदर येथील कारखान्याने आरंभ झाला. पहिल्या महायुद्धाने आयात रोखल्यामुळे देशी उद्योगाला चालना मिळाली आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्यांच्या एकत्रीकरणातून असोसिएटेड सिमेंट कंपनीज अस्तित्वात आली. मुंबईतील बीडीडी चाळी, बॅकबे भरावावरील इमारती, दादर–माटुंग्याच्या नव्या वसाहती यांचा काळ हाच आहे. सिमेंट स्वस्त व स्थानिक झाले तसे जमिनीच्या तंत्रातील बांधून ठेवणारे द्रव्य बदलले. चुन्याची जागा सिमेंटने घेतली.

१९२२ मध्ये फिरोजशा सिधवा यांनी आपले पुतणे रुस्तम सिधवा यांच्यासह मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स या कंपनीची स्थापना केली. आयात फरशीला तोडीस तोड देशी फरशी निर्माण करणे हा त्यामागील उद्देश स्वातंत्र्यचळवळीच्या प्रेरणेशी निगडित होता. ज्या वर्षी फ्रिउलीतील विद्यालय कारागिराच्या हातातील कौशल्याला पाठ्यक्रमाचे रूप देत होते, त्याच वर्षी मुंबईत ते कौशल्य यंत्राच्या दाबाखाली ठेवण्याचा उद्योग उभा राहिला. हा योगायोग असला, तरी दोन समाजांनी एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन भिन्न उत्तरे होती. इटलीत कारागीर टिकवण्यावर भर होता, तर वसाहतीच्या अमलाखालील भारतात उत्पादन देशी करण्यावर भर होता. स्वदेशीच्या इतिहासात खादी, साबण, काड्यापेटी यांची चर्चा होते. फरशीही त्याच चर्चेत अंतर्भूत व्हावयास हवी.

मोझॅक फरशीच्या रचनेत दोन थर असतात. वरच्या थरात संगमरवराच्या कपच्या, सिमेंट व रंगद्रव्य यांचे मिश्रण, तर खालच्या थरात सिमेंट व वाळू किंवा दगडाची कच. हे थर साच्यात घालून दाबयंत्राने दाबायचे, पाण्यात मुरवायचे आणि वरचा भाग घासून कपच्या उघड्या करायच्या, अशी निर्मितीची रीत आहे. खाणीतून व दगडकामातून निघालेल्या ज्या कपच्यांना अन्यथा मोल नव्हते, त्या येथे कच्चा माल ठरल्या. व्हेनिसच्या कथेतील अर्थ भारतात कारखानदारी पातळीवर प्रत्यक्षात आला, असे म्हणता येईल.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय मानक संस्थेने सिमेंट काँक्रीटच्या फरशीसाठी आयएस १२३७ हे मानक प्रसिद्ध केले. त्याच्या १९८० च्या सुधारित आवृत्तीत २००, २५० व ३०० मिलिमीटर बाजूच्या चौरस फरश्यांसाठी अनुक्रमे २०, २२ व २५ मिलिमीटर जाडी नमूद आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था, शासकीय वसाहती, शाळा, महाविद्यालये, रुग्णालये आणि एस. टी. स्थानके यांच्या जमिनी या मापांनी आखल्या गेल्या. मुंबईत जिला ‘लादी’ व देशावर जिला ‘फरशी’ म्हणतात, ती मध्यमवर्गीय घराची खूण झाली. सारवण्याचे काम घरातून नाहीसे झाले आणि त्याच्या जागी ओले फडके आले. गृहिणीच्या श्रमात झालेली ही घट खरी होती. मात्र त्या श्रमाचा एक भाग अन्यत्र गेला होता, आणि तो कोठे गेला हे पाहणे आवश्यक आहे.

घासणारे हात

मोझॅक फरशी कारखान्यातून पूर्ण तयार होऊन येत नसे. गवंडी ती मालावर बसवत, सांध्यांत त्याच रंगाच्या सिमेंटचे पातळ मिश्रण भरत आणि काही दिवस जमीन ओली ठेवत. त्यानंतर पॉलिशचे यंत्र येई. एडवर्ड अ‍ॅचेसन याने १८९१ मध्ये शोधलेल्या कार्बोरंडम या कृत्रिम घर्षकाच्या वड्या त्या यंत्राच्या फिरत्या चकतीला बसवलेल्या असत. प्रथम ६०, नंतर १२० आणि शेवटी ३२० क्रमांकाच्या वडीने जमीन घासली जाई. प्रत्येक फेरीनंतर उघडी पडलेली छिद्रे पुन्हा सिमेंटने भरावी लागत. शेवटी ऑक्झॅलिक आम्लाची पूड पसरून घासल्यावर चकाकी येई. भिंतीलगतच्या कडा, जिन्याच्या पायऱ्या आणि कोपरे येथे यंत्र पोहोचत नसल्यामुळे तेवढा भाग कामगार उकिडवे बसून हातानेच घासत.

हे काम पाण्यात चाले. त्यातून निघणारा करडा चिकट गाळ घरभर पसरे व तो बादल्यांनी बाहेर काढावा लागे. पाण्यामुळे धूळ दबत असे. परंतु सतत ओले हातपाय, सिमेंटचा अल्कधर्मी दाह, आम्लाचा संपर्क आणि पाण्यातून फिरणारी विजेची तार हे धोके कायम असत. कोरड्या घासकामात बारीक सिलिका श्वासावाटे फुप्फुसात जाते. सिलिकोसिस हा आजार १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूच्य म्हणून समाविष्ट होता. तथापि फरशी दाबणारा कामगार कारखान्यात होता, तर तीच फरशी घासणारा कामगार कोणाच्या तरी घरात होता. घर हे कायद्याच्या व्याख्येत कारखाना नव्हते. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला. परंतु तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता आणि दहा लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाचे स्वतःचे निवासी बांधकाम त्यातून वगळले होते. दोन-तीन माणसांच्या पॉलिश करणाऱ्या गटाची जागा या दोन्ही तरतुदींच्या मधल्या फटीत होती.

मानकांतून फरशीची जाडी, झीज आणि पाणी शोषण्याचे प्रमाण यांची नोंद सापडते. कंपन्यांच्या इतिहासातून संस्थापकांची व नक्षीची नोंद सापडते. घासणाऱ्या माणसाची नोंद यांपैकी कशातच सापडत नाही. मात्र त्याचे काम जमिनीवर आजही वाचता येते. समान उंचीवर आलेले सांधे, कोपऱ्यापर्यंत सारखी उतरलेली चकाकी आणि पन्नास वर्षांनंतरही न निसटलेली कपची हीच त्याची सही होय.

अमेरिकेतील गॅरेज आणि फ्लेक लेप

टेराझो तंत्र अमेरिकेत पोहोचले तेव्हा १९२० च्या दशकात विजेवर चालणारी घर्षणयंत्रे आणि रंगक्षेत्रे विभागणाऱ्या पितळी पट्ट्या यांमुळे त्याचा वेग वाढला. रेल्वेस्थानके, शाळा व शासकीय इमारती यांत ते पसरले. सामान्य घराच्या गॅरेजपर्यंत मात्र ते कधीच गेले नाही. कारण ते जड, जाड आणि महाग होते. तेथे तुकड्यांची जमीन पोहोचण्यासाठी बांधून ठेवणारे द्रव्य पुन्हा एकदा बदलावे लागले.

ते द्रव्य म्हणजे एपॉक्सी रेझिन. १९३० च्या दशकात जर्मनीत पाउल श्लाक व स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां यांनी त्यावर काम केले आणि १९४० च्या दशकात अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली याने त्याला लेपासाठी उपयुक्त रूप दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या उपनगरांत स्वतंत्र घरांची प्रचंड वाढ झाली व घराला जोडलेले गॅरेज हा त्यांचा नित्याचा भाग बनला. हे गॅरेज मोटारीपुरते मर्यादित राहिले नाही. तेथे सुतारकाम, दुरुस्ती, साठवण सर्व चाले. ह्युलेट आणि पॅकार्ड यांनी पालो आल्टो येथील एका गॅरेजमध्ये १९३८–३९ मध्ये आपल्या उद्योगाचा आरंभ केला, हे उदाहरण सर्वज्ञात आहे. जी जागा खोली म्हणून वापरली जाऊ लागली, तिच्या करड्या, तेलकट जमिनीला खोलीची शोभा देण्याची इच्छा त्यामागोमाग आली.

काँक्रीटला रंग लावणे सोपे होते. तो टिकवणे अवघड होते. काँक्रीट ओतल्यावर त्यातील पाणी वर येते आणि पृष्ठभागावर सिमेंटच्या बारीक कणांची अशक्त साय धरते. रंग या सायीला चिकटतो, आणि साय सुटली की तिच्याबरोबर रंगही सुटतो. जमिनीखालील ओल वाफेच्या रूपाने वर येऊन लेपाला फोड आणते. प्रवासाहून आलेल्या मोटारीचे तापलेले चाक रंगाला मऊ करते व चाक हलताच रंगाचा पापुद्रा त्याला चिकटून निघतो. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ चाकांबरोबर आत येऊन काँक्रीट खाते. यांतील जवळजवळ प्रत्येक दोषाचे मूळ पायात आहे.

म्हणून फ्लेक लेपाच्या कामाचा मोठा भाग फ्लेक हाती घेण्यापूर्वीच पार पडतो. नवे काँक्रीट किमान २८ दिवस मुरलेले असावे लागते. प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर चारही बाजूंनी चिकटवून किमान १६ तासांनी त्याखाली ओल दिसते का, हे पाहणे ही ओलीची प्राथमिक चाचणी होय. त्यानंतर हिऱ्याच्या कणांची चकती असलेल्या यंत्राने पृष्ठभाग घासून साय काढली जाते आणि लेपाला धरण्यास खरखरीतपणा आणला जातो. आम्लाने पृष्ठभाग खाऊन घेण्याचा स्वस्त पर्याय घरगुती कामात वापरला जातो. पण तेलाचे डाग असल्यास आम्ल आत जात नाही आणि परिणाम असमान होतो. भेगा भरून, धूळ पूर्ण ओढून घेऊन मग एपॉक्सीचा पाया-थर पसरतात. कामगार तळाला खिळे असलेली पादत्राणे घालून त्या ओल्या थरावर चालतात आणि मुठीने फ्लेक वर उधळतात. पूर्ण आच्छादनाच्या पद्धतीत जमीन आणखी तुकडे घेईनाशी होईपर्यंत पेरणी चालते. थर घट्ट झाल्यावर उभे राहिलेले तुकडे पात्याने खरवडून, सुटे कण झाडून वरचा पारदर्शक थर देतात. एपॉक्सी सूर्यप्रकाशात पिवळी पडत असल्यामुळे या वरच्या थरासाठी अलीकडे पॉलिअ‍ॅस्पार्टिक या शीघ्र सुकणाऱ्या द्रव्याचा वापर वाढला आहे.

टेराझोमध्ये घासकाम शेवटी होते व ते शोभा उघड करते. फ्लेक लेपामध्ये घासकाम आरंभी होते व ते शोभेखाली गाडले जाते. घर्षणाचे श्रम नाहीसे झालेले नाहीत. त्यांची जागा वरून खाली गेली आहे. दिसेनाशा झालेल्या श्रमावरच काटकसर करण्याचा मोह सर्वाधिक असतो आणि पापुद्रे निघालेल्या गॅरेजच्या जमिनी हे त्या काटकसरीचे फलित होय. कोरडे काँक्रीट घासताना उडणाऱ्या धुळीतील सिलिका हा येथेही गंभीर प्रश्न ठरला. अमेरिकेत २०१६ मध्ये सिलिकासंबंधी नवा नियम झाला. त्यात हवेतील श्वसनीय सिलिकाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने प्रति घनमीटर ५० मायक्रोग्रॅम ठरवली गेली आणि बांधकाम क्षेत्रात त्याची अंमलबजावणी सप्टेंबर २०१७ पासून सुरू झाली. घर्षणयंत्राभोवती आवरण व त्याला जोडलेले धूळशोषक यंत्र ही त्यातून रूढ झालेली पद्धत आहे. एपॉक्सीतील हार्डनरमुळे त्वचेला होणारा दाह मात्र या नियमाच्या कक्षेबाहेरचा आहे.

तुलना आणि सद्यःस्थिती

दोन्ही जमिनींच्या तुलनेत दुरुस्तीचा मुद्दा निर्णायक ठरतो. मोझॅक फरशीतील कपच्यांचा थर सुमारे पाच-सहा मिलिमीटर जाडीचा असतो. वरचा भाग झिजला किंवा डागाळला, तर पुन्हा घासून खालून तसाच नवा पृष्ठभाग मिळतो. अशी फरशी एका पिढीने घालावी व दुसऱ्या पिढीने पॉलिश करून घ्यावी, हे शक्य आहे. फ्लेक हा मात्र पातळ पापुद्रा असतो. तो घासल्यास रंगच निघून जातो. त्यावर नवा थर देणे किंवा सर्व काढून टाकणे एवढेच मार्ग उरतात. पहिल्या जमिनीत शोभा पदार्थाच्या आतपर्यंत आहे, दुसऱ्या जमिनीत ती पृष्ठभागापुरती आहे. याउलट फ्लेक लेप आहे त्याच काँक्रीटवर, थोड्या दिवसांत, अल्प जाडीत होतो व गाडाभर राडारोडा निर्माण करीत नाही, ही त्याची जमेची बाजू नाकारता येत नाही.

महाराष्ट्रात १९९० नंतर गुजरातमधील मोरबी व अन्य केंद्रांतून येणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्सनी मोझॅकची जागा घेतली. या टाइल्सना बसवल्यानंतर घासावे लागत नाही. ते काम कारखान्यात यंत्रांवर होते. पॉलिश करणाऱ्या गटांचा रोजगार त्यामुळे आटला. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात मोझॅक जमिनी फोडून राडारोडा म्हणून वाहून नेल्या जातात. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यानंतर त्या इमारतींच्या दर्शनी भागांबद्दलची आस्था वाढली आहे. वारसा यादीबाहेरच्या सहकारी संस्था, चाळी आणि शाळा यांच्या जमिनींना मात्र असे संरक्षण नाही. एका बाबतीत जुनी जाण टिकून आहे. इमारतीच्या गच्चीवर पाणीगळती रोखण्यासाठी फुटक्या चिनीमातीच्या फरश्यांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवण्याचे ‘चायना मोझॅक’ आजही केले जाते. तेथेही उतार आणि खालचा थर चुकला, तर वरचा तुकडा कितीही सुबक असला तरी छत गळतेच.

निष्कर्ष

१. टेराझो, मोझॅक फरशी आणि फ्लेक लेप या तीन स्वतंत्र वस्तू नसून एकाच तंत्राचे तीन कालखंड आहेत. चुना, सिमेंट आणि रेझिन ही बांधून ठेवणारी द्रव्ये बदलली. तुकडा, पाया आणि घर्षण ही त्रयी कायम राहिली.

२. महाराष्ट्रात मोझॅक फरशी रुजण्यास देशी सिमेंट व स्वदेशीची प्रेरणा यांबरोबरच प्लेगनंतर बदललेली आरोग्यविषयक दृष्टी कारणीभूत ठरली.

३. जमिनीच्या तंत्रातील प्रत्येक सुधारणेने श्रम कमी केले असे म्हणण्यापेक्षा त्यांचे स्थलांतर केले असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. गृहिणीचे सारवण गेले व पॉलिश कामगाराचे घर्षण आले. ते गेले व काही कारखान्यात, काही लेपाखाली गेले. या स्थलांतरात ज्या जागी श्रम कमी दिसू लागले, तेथे कामगाराचे संरक्षणही सर्वांत उशिरा पोहोचले.

४. जमिनीचा इतिहास नक्षी आणि उत्पादक यांच्यापुरता लिहिला गेल्यास तो अपुरा राहतो. पॉलिशचे यंत्र चालवलेले कामगार, फरशी बसवणारे गवंडी आणि सारवणाचा अनुभव असलेल्या स्त्रिया यांच्या मौखिक साक्षी नोंदवणे हे स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज करता येण्याजोगे काम आहे. या व्यवसायांतून निवृत्त झालेली पिढी आज वृद्ध आहे. जुन्या महाविद्यालयांपैकी अनेकांच्या वर्गखोल्यांत तिने घासलेली मोझॅक फरशी अद्याप शाबूत आहे. शोधाचा आरंभ तेथूनच करता येईल.